गाडी कोण चालवत होतं

दिघोरीला बहिणीच्या बाळाचं बारसं आटोपून रंजिता आणि अंकुश दुपारीच परत निघाले. रंजिताने निघतानाच चावी मागितली होती. साडूसोबत मागच्या अंगणात बसून नवऱ्याने दारू घेतली होती, हे तिला वासावरून कळलं होतं. पण पाहुण्यांदेखत बायकोच्या हाती चावी देणं अंकुशला कमीपणाचं वाटलं. तिच्याकडे लायसन होतं, तरी ती मुकाट्याने बाजूला बसली.

तलावाच्या वळणावर गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि बांधाचा धुरा फोडून, धानाची रोवणी चाललेल्या शेतात रुतली. रोवणाऱ्या बायका ओरडत पांगल्या. कोणाला लागलं नाही. पण गोदावरीबाई नावाची म्हातारी चाकापासून हातभर अंतरावर होती. धानाची पेंडी हातात तशीच धरून ती उभी राहिली.

शेतमालकाने पोलिसांना फोन लावला, तसा अंकुश रंजिताजवळ आला.

"तू चालवत होती म्हण," तो हळूच म्हणाला. "तू पेली नाहीस, मशीनमध्ये काही निघणार नाही. नाही तं माझी शाळेच्या बसवरची नोकरी जाईन."

रंजिता त्याच्यापासून बाजूला झाली. धुऱ्यावर जाऊन तिने साकोलीच्या वीरेंद्रला फोन केला. तो तिचा मामेभाऊ, वकिली करणारा. त्याने शांतपणे समजावलं. दारू पिऊन गाडी चालवली तर कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, पण गुन्हा जामिनाचा आहे. पहिल्याच वेळी पकडलं तर बहुतेक दंडावर भागतं. मशीनमध्ये फुंकायला नाही म्हटलं तर मात्र तेवढ्यावरूनही अटक होते. आणि पोलिसांना खोटं सांगितलं तर तो वेगळा गुन्हा, त्यात ती स्वतः अडकेल.

"आणि बस?" तिने विचारलं.

"बसचं मी काही सांगू शकत नाही, ताई."

पोलिसांची जीप आली. जमादाराने गाडी कोण चालवत होतं विचारलं, आणि रंजिता तोंड उघडायच्या आत अंकुश म्हणाला, "बायको, साहेब."

जमादार तिच्याकडे वळला. रंजिताची नजर गोदावरीबाईवर होती. म्हातारीच्या हातात पेंडी अजून तशीच होती. उद्या सकाळी याच माणसाच्या बसमध्ये लहान पोरं चढणार होती.

"नाही साहेब," ती म्हणाली. "हे चालवत होते. मी बाजूले बसली होती."

अंकुशने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मशीनमध्ये फुंकताना त्याची मान खालीच होती. मग दवाखान्यात रक्त घेतलं, ठाण्यात जामीन झाला. घरी तो तिच्या हातचं जेवायचा, पण बोलायचा नाही. शाळेने त्याला बसवरून काढलं, आणि तो एका राईस मिलमध्ये पोती उचलायला जाऊ लागला.

कोर्टात वीरेंद्रने त्याला दोन्ही वाटा सांगितल्या: नाकबूल केलं तर तारखा चालतील, कबूल केलं तर गुन्ह्याची नोंद कायमची राहील. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा अंकुश कबूल म्हणाला. दंड झाला, लायसन काही महिन्यांसाठी निलंबित झालं.

बाहेर एसटीची वाट पाहताना तो आपण होऊन बोलला.

"त्या दिवशी मले तुझा लय राग आला होता."

"आता?"

"आहे अजून," तो म्हणाला. "पण कमी होऊन राहिला."

रंजिता बाकावर थोडी सरकली. तो तिच्याजवळ बसला.