साफ केलेला सडा

आमच्याकडं सडा दोन जातीचा. एक बाईमाणसाचा, सकाळी उठून दारात शेणाचा घालायचा. दुसरा बाप्यांचा, डोंगराच्या माथ्यावरचा, नुसता कातळ आन गवत. आजऱ्याकडनं वर चढून आलं की दिसतोय. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या वरच्या सड्याला काडी लावायची, म्हंजे पावसात गवत जोमानं येतंय, असं आमची बापय माणसं समजत्यात. त्या जाळण्याला म्हणायचं, सडा साफ करणं. ह्ये काम पिढ्यान् पिढ्या आमच्याच घरात. म्हाताऱ्या सासऱ्याच्या म्हागं माझा धाकटा दीर पिराजी करायचा.

मी तानाबाई. पोरगी पोटात असताना मालक गेलं. तवापासनं सकाळच्या पारी मी समोर आले की माणसं वाट बदलायची. म्हागं मला घुबड म्हणायची. मला काय ऐकू येत न्हवतं व्हय? म्हणून सड्याच्या कडंला, करवंदीच्या जाळीखाली, उघड्या दगडावर खरंखुरं घुबड अंड्यांवर बसलेलं बघितलं, तवा मी विळा खाली ठेवला आन एकटीच हसले. ह्ये थोरलं घुबड, डोक्यावर शिंगागत पिसं, हळदीवानी डोळं. माझ्याकडं बघून चोच टकाटका वाजवली, सासूनं भांडी आपटावीत तशी. उठलं न्हाय.

त्या वर्षी पिराजीनं काडी लावली. अंडी दगडावरच भाजली. मग मी डोस्क्यात राख घालून घेतली. पिराजीशी भांडले, गावसभेत भांडले, म्हटलं, आता गवत जाळायचं आसंल तर आदी मला जाळा. बाई येडी झाली म्हणून लोकांनी नाद सोडला. पण दोन वर्सं सडा जळला न्हाय. घुबडं परत आली. ससाणं आलं, घारी तर झुंडीनं आल्या. त्यो बोभाटा वनखात्यापतुर गेला आन उन्मेषसाहेब आलं. पुण्याकडचं तरणं पोरगं, मला मावशी म्हणायचं, च्या पिऊन कप सोता इसळायचं. वाईट न्हवतं, खोटं कशाला बोलू. त्यानं खटपट केली आन आमचा सडा सरकारनं संरक्षित केला. औंदा जाळीखाली दोन पिल्लं हुती, कापसाच्या बोळ्यागत. रविवारी मोठं पावणं येऊन पाटीचं उद्घाटन करणार, असं ठरलं.

नेमकी तवाच लेक बाळंत झाली म्हणून मी गडहिंग्लजला गेलते. हिकडं साहेबानं पिराजीला फोन केला, की पाहुणे यायच्या आत सडा साफ करून ठेवा. त्याच्या मनात हुत्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, फिरायला येणाऱ्यांची घाण. पिराजी म्हणला, सगळा का? साहेब म्हणला, सगळा, एक काडीसुद्धा दिसायला नको. पिराजीला तर आभाळ ठेंगणं झालं. दोन वर्सं वैनीनं हात बांधून ठेवल्यालं, आन आता सरकारच म्हणतंय साफ कर. त्यानं पोरंबाळं घेऊन दुपारी सड्याला चारी बाजूनी काडी लावली.

मी येष्टीतनं उतरले आन वर बघितलं, तर डोंगराचा माथा काळा. पायातली चप्पल कुठं पडली मला ठावं न्हाय. जाळी जळून नुसत्या काटक्या उरल्या हुत्या. पिल्लं एकमेकाला चिकटून बसल्याली, तशीच. म्हंजे आय येईल म्हणून हाललीच न्हाईत. मी हातानं खड्डा केला आन पदरातनं नेऊन पुरली.

पिराजी माझ्याम्हागं येऊन हुबा राहिला. म्हणला, "वैनी, साहेबांनीच सांगितलं की." त्यो खोटं बोलत न्हवता, ह्येचाच मला जास्ती राग आला.

सांजच्याला साहेब आला. बघून मटकन खालीच बसला. रडला बी थोडा. मग डोळं पुसलं आन घरी येऊन हळू आवाजात मला समजावाय लागला. संरक्षित जागेत आग लावली म्हणून पिराजीवर गुन्हा हुईल, त्येला आत जावं लागंल. पण पिल्लं मोठी होऊन आदीच उडून गेली आसतील, तर मग कुणातरी फिरस्त्याच्या बिडीनं गवत पेटलं, एवढंच म्हणता येईल.

मी म्हटलं, "आन तुमी पिराजीला जे सांगितलं, त्येचं काय?"

"मी कचरा म्हणत होतो, मावशी."

कचराच साफ झाला म्हणा की, असं माझ्या तोंडावर आलं हुतं. पण पिराजीची बायको दारात हुबी हुती, कडंवर पोर घेऊन.

रविवारी काळ्या सड्यावर लाल जाजम अंथरलं. पांढऱ्या कपड्यातलं पावणं आलं, चालतील तशी राख उडून त्यांच्या विजारीला लागायची आन पावणं ती झटकत झटकत चालायचं. पाटीवरचा पडदा सारला. घुबडाचा ह्यो मोठा फोटू. मला शाल दिली, नारळ दिला, मला घुबडांची आय म्हटलं. जी माणसं माझं तोंड चुकवायची, ती माझ्यासंगं फोटू काढाय लागली. मग थोरल्या पावण्यानं माईक माझ्याम्होरं धरला आन कौतुकानं इचारलं, "मग, कुठं आहेत आमची पिल्लं?"

साहेब पायाकडं बघत हुता. पिराजी गर्दीच्या म्हागं, डोस्क्याचा रुमाल हातात घेऊन हुबा.

मी म्हटलं, "उडाली."

लई टाळ्या पडल्या.

गाड्या खाली गेल्या, जाजम गुंडाळलं, तरी मी तिथंच बसून हुते. दिवस मावळताना ती आली. पायात उंदीर. जळक्या जाळीच्या दगडावर उतरली, उंदीर खाली ठेवला आन घुमली. थांबली. परत घुमली. तिच्या पायाजवळ कालचा उंदीर तसाच पडला हुता, मुंग्या लागल्याला. त्येच्या शेजारी परवाचा.

साऱ्या गावाला, सरकारला, माईकवर सांगितलं मी, पिल्लं उडाली म्हणून. साऱ्यास्नी पटलं. तिला कुणी सांगायचं?