दाजी, पिशवी खाली ठेवा

"दाजी, पिशवी खाली ठेवा," मी म्हणालो.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जिन्यात उभे होते. पिशवी त्यांची नव्हती, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची होती, बटाट्यांनी भरलेली. आजी कठडा धरून मागून चढत होत्या. दाजी नेहमी त्यांची पिशवी वर नेऊन देतात, वाटेत एखादा विनोद सांगतात आणि आजींचा दिवस चांगला जातो. दाजींमुळे या इमारतीत सगळ्यांचेच दिवस चांगले जातात. नळदुरुस्तीचं काम करतात, पण इथं कुणाकडून मजुरी घेत नाहीत. पोरं त्यांना हसरेकाका म्हणतात.

"अरे मेहुण्या, न कळवता?" हसरेकाका म्हणाले आणि पिशवी खाली ठेवली.

मी त्यांच्या तोंडावर बुक्की मारली.

मध्येच, म्हणजे त्याच्या थोडं आधी, फोनवर:

"उजव्या बाजूनं बोल रे. डाव्या कानानं ऐकू येत नाहीये."

"ताई, फोनवर कसली उजवी बाजू?"

"पान्यानं मारलंय. नळाच्या. ये आणि मला ने. दाराला बाहेरून कडी आहे."

तर बुक्की.

मी लाकडाच्या वखारीत ओंडके उचलतो, हात जड आहे. पण आईनं लग्नातच बजावलं होतं, दाजींना अरे-तुरे करायचं नाही, जीव गेला तरी. त्यामुळे जे केलं ते आदरानं केलं. "दाजी, हात बाजूला घ्या." पोटात. "दाजी, जरा वर बघा." नाक. काकडी मोडावी तसा आवाज झाला.

दारं उघडली. लोक आले. मला खाली पाडलं, आणि दाजींचे उपकार मला एकेक करून कळू लागले.

मास्तरांचा गिझर. (बरगडी, डावीकडची.)

शिंप्याच्या मुलाला सायकल शिकवली. (कानफटात. दोनदा, कारण मुलगा दोनदा पडला होता म्हणे.)

ड्रायव्हरची आई दवाखान्यात होती तेव्हा रोज जाऊन तिला हसवलं. मरेपर्यंत हसत होती. (भिंत. म्हणजे भिंतीवर माझं डोकं.)

शिंप्याची तुंबलेली मोरी. (हे त्याला मागाहून आठवलं. मांडीत गुडघा.)

"एवढ्या चांगल्या माणसावर हात टाकतोस?" मास्तर म्हणाले आणि परत गिझरवर लाथ घातली. त्यांच्या वयाला लाथ चांगलीच होती.

"दाराला बाहेरून कडी का असते, विचारा त्यांना," मी म्हणालो. निदान म्हणायला गेलो. तोंडात रक्त होतं आणि एक दात सुटा फिरत होता.

"काय म्हणतोय?"

"कळी म्हणतोय."

"कळ आली असेल," शिंपी म्हणाला. "येऊ दे."

ती कडी सगळ्यांनी पाहिलेली असणार, रोज त्याच दारावरून जातात. बाहेरून कडी म्हणजे घरात कुणी नाही, असं माणूस धरून चालतो. ताईनं एकदा मास्तरांना सांगायचा प्रयत्न केला होता. मास्तर म्हणाले होते, अगं, ज्या माणसानं रात्रभर जागून आमचा गिझर केला, त्याच्याबद्दल बोलतेस.

आजींना कमी ऐकू येतं. त्या माणसाच्या ओठांकडे बघून समजून घेतात. माझ्या ओठांचं जे काही उरलं होतं त्याकडे त्यांनी बघितलं, मग वर ताईच्या दाराकडे बघितलं आणि चढायला लागल्या.

"आजी, थांबा, मी आणतो ना पिशवी," दाजी नाक धरून म्हणाले. मग जोरात म्हणाले, "आजी."

आजींना कमी ऐकू येतं.

कडी रोजच्या वापरातली. पटकन निघाली.

ताई बाहेर आली. कानावर रुमाल बांधलेला, रुमाल वाळून तपकिरी आणि कडक झालेला.

दाजी हसले. दात लाल झाले होते. "अगं, पडून राहा म्हटलं होतं ना. मोरीत घसरली हो सकाळी," हे सगळ्यांना. मग तिला, "जा, भावाला पाणी आण."

"बघा," मास्तर म्हणाले, "एवढं होऊनही पाणी विचारतोय."

ताई त्यांना लग्नापासून अहो म्हणायची. रडताना अहो, हात जोडताना अहो, पाना उचललेला असताना अहो.

"तू आण," ताई म्हणाली.

इतका वेळ माझं रक्त सांडत होतं, तर कुणाला काही वाटलं नव्हतं. या शब्दानं अख्खा जिना हबकला. शिंप्यानं जीभ चावली.

(इथून पुढं मलाही दाजींना अरे-तुरे जमलं.)

तो वर चढला. कमरेचा पाना काढला आणि सगळ्यांच्या देखत तिच्या खांद्यावर हाणला. तोंडावरचं हसू पुसायला त्याला वेळच मिळाला नव्हता. मारताना ते तिथंच होतं, मास्तरांना, शिंप्याला, सगळ्यांना ओळखीचं.

माझ्या अंगावरचे पाय एकेक करून निघून गेले.

त्यानं पाना दुसऱ्यांदा उचलला, आणि मी सरपटत जाऊन त्याचा घोटा धरला आणि ओढला. तो हनुवटीवर आपटला, मग पुढच्या पायरीवर, मग त्याच्या पुढच्या, आणि मास्तरांच्या चपलांपाशी येऊन थांबला. जीभ दातात सापडली होती. हात वर केला त्यानं, कुणीतरी धरावा म्हणून. ड्रायव्हर खिशात काहीतरी शोधायला लागला.

आजी खाली आल्या. पिशवी उचलली आणि उलटी केली. बटाटे धडधडत जिना उतरले, काही त्याच्या अंगावरून गेले.

"कपडे भर यात," आजी ताईला म्हणाल्या. "बंद मजबूत आहेत."

"आणि तुमचे बटाटे?"

"वेचतील हे. परोपकारी माणसं आहेत."

ताईनं मोजकेच कपडे घेतले. आम्ही उतरलो तेव्हा मास्तर खाली वाकलेले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

रस्त्यावर मी तिच्या उजव्या बाजूनं चालत होतो. पिशवी घ्यायला गेलो, पण वाकता येईना.

"कुठं दुखतंय?" तिनं विचारलं.

"गिझरला."

तिला सांगावं लागलं नाही. हे सगळे उपकार तिला पाठ होते. घरी आल्यावर तो तेच ऐकवत बसायचा. ती हसली आणि लगेच खांदा धरून उभी राहिली.

"हसवू नकोस रे. आणि लंगडतोयस का?"

"मोरी," मी म्हणालो.