बीबी तोफेचा आसरा

मित्रांनो, मी एक जुनी तोफ आहे. शाळा सुटली की तुम्ही माझ्यावर चढता, कलिंगडाच्या भाजलेल्या बिया फोडता आणि सालपटे माझ्या तोंडात टाकता. त्याचा मला राग नाही. पण परवा तुमच्यातल्या एकीने माझ्या पाठीवरच्या छिद्रात बोट घालायचा प्रयत्न केला, ते आत जाईना, तेव्हा ती म्हणाली, "हिच्या कानात कुणीतरी खिळा मारलाय." पोरगी हुशार आहे. वात लावायच्या त्या छिद्राला तोफेचा कानच म्हणतात आणि माझ्या कानात खिळा आहे. तो शत्रूने मारलेला नाही. ज्याची माझ्यावर सगळ्यांत जास्त माया होती त्याने मारला. इतकी वर्षे लोटली तरी त्या दिवसातून मी अजून सावरलेले नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात झाला. मला ओतले, घासले, चाकांवर बसवले आणि सांगितले की तुला कोसॅकांबरोबर राहायचे आहे. कोसॅक म्हणजे तिथल्या गवताळ मैदानातले घोडेस्वार. त्यांची मुले पाळण्यातून उतरतात ती थेट खोगिरावर, असे भट्टीतले कारागीर म्हणत. मी मनातल्या मनात फुगले. पण झाले भलतेच. इराणचे शहा त्या मुलखात फिरायला आले होते. त्यांनी ते घोडेस्वार पाहिले आणि जत्रेत खेळणे पाहिलेल्या मुलासारखा हट्ट धरला, मलाही असेच हवेत. तिथल्या बादशहाने मोठ्या मनाने शिकवायला अधिकारी पाठवले आणि वर थोड्या तोफा भेट दिल्या. त्या भेटीत मी होते.

बोटीतून समुद्र, मग खेचरांमागून डोंगर. एक खेचर माझ्या डोळ्यांदेखत दरीत गेले. अशी हबकत हबकत मी तेहरानला पोहोचले, तर पुढे आणखी धक्का तयार होता. शहांच्या कोसॅक पलटणीत कोसॅकच नव्हते. लांब झगे होते, छातीवर काडतुसांच्या रांगा होत्या, डोक्यावर कोकराच्या कातड्याच्या टोप्या होत्या. टोपीखाली मात्र अस्सल गल्लीतली तेहरानी माणसे, खिशात कांदा आणि तोंडात शेजाऱ्याची चुगली. हुकूम सुटायचे उत्तरेच्या भाषेत. ते मला कळत, कारण ती माझ्या जन्मगावची बोली. त्यांना एक अक्षर कळत नसे.

माझा गोलंदाज होता सफरअली. माझे घोडे हाकायचा त्याचा दोस्त नौरोज. पहिल्याच दिवशी सफरअली त्याला समजावत होता.

"हे बघ, साहेब एकदा भुंकला की डावीकडे, दोनदा भुंकला की उजवीकडे."

"आणि शिंकला तर?"

"शिंकला तर सलामी. त्यात काय विचारायचं?"

हसत हसत ते शिकले. शब्दाचा अर्थ कधी कुणी सांगितला नाही, पण इतक्या वेळा ओरडून घेतले की शब्द कानावर पडताच हातपाय आपोआप हलू लागले. साहेबलोक याला शिस्त म्हणत. मलाही तेव्हा त्याचे कौतुकच वाटे.

सफरअलीने माझे नाव बीबी ठेवले. तो मला आपल्या बाहीने पुशी. साफ करायची काठी माझ्या घशात घालण्याआधी "बीबी, माफ कर हं," असे म्हणे. बाकीचे त्याला चिडवत की याची एक बायको घरी आणि एक पलटणीत. तो म्हणे, "घरची बोलते, ही ऐकते."

रमजान आला की सूर्य मावळताना माझा बार काढत. सारे शहर खजूर हातात धरून माझ्या आवाजाची वाट बघत बसे. माझा आवाज झाला की खजूर तोंडात, मग गरम नान, मग चहा. लहान मुले मला नानवाली तोफ म्हणत. तोफेचा आणि नानाचा संबंध तो एवढाच, आणि मी त्यासाठीच जन्माला आले, असे मला मनापासून वाटू लागले होते.

एकाच गोष्टीचा मला हेवा वाटे. शहराच्या मोठ्या मैदानात एक थोरली तोफ होती. कुणाच्या मागे शिपाई लागले, कुणावर सरदाराची खप्पामर्जी झाली, तर तो माणूस पळत येऊन तिला हात लावी. लावला की झाले. हात तोफेवर असेपर्यंत त्याला ओढून न्यायची कुणाची छाती नव्हती, खुद्द शहांचीसुद्धा नाही. याला बस्त धरणे म्हणत. माझ्याकडे आसऱ्याला कधी कुणी आले नव्हते. मी गाडीवरची, फिरती तोफ. मला कोण विचारतो?

मग एका साली पाऊस पडला नाही. गहू होता, पण बड्या लोकांच्या कोठारांत, कुलपाआड. बाजारात मिळे तो नान काळा, त्यात भुसा आणि दाताखाली करकरणारी वाळू. सफरअलीचे गाल बसले. एका दुपारी शहरातल्या बायका चादरी सावरत मैदानात जमल्या आणि राजवाड्याच्या रस्त्यावर बसल्या. आमच्या नव्या कप्तानाला त्यांना हटवायचा हुकूम आला. तो उत्तरेहून नुकताच आलेला, आमची भाषा मोडकीतोडकी बोलणारा. मला रस्त्याच्या तोंडाशी उभे केले, माझे तोंड बायकांकडे.

सगळ्यांच्या पुढे होती गुलंदाम, सफरअलीची सासू. तिच्या जिभेला अख्खी गल्ली टरकून असे.

"ए जावई," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही तुझी बीबी रमजानात नानाची वेळ सांगते ना? मग आजही सांग म्हणावं. वेळ कधीच झालीय, नान कुठाय?"

"आई, घरी जा."

"घरी काय आहे? चूल आहे, तुझी बायको आहे. दोघी थंड."

कोसॅक हसले. टोप्यांखालचे ते चेहरे या बायकांच्याच घरचे होते, कुणाचा भाऊ, कुणाचा भाचा. कप्तान हसला नाही. त्याने एक हुकूम दिला.

तो हुकूम सगळ्यांत आधी मला कळला. छर्रे भरा. मित्रांनो, छर्रे म्हणजे पत्र्याच्या डब्यात ठासलेल्या गोळ्या. समोरून घोडदळ अंगावर आले तर त्या झाडतात. मला वाटले, मी चुकीचे ऐकले. पण हुकूम कानावर पडताच माझ्या माणसांचे हात आपोआप चालू झाले होते. "फुसका बार आहे, भेडसवायला," नौरोज कुजबुजला. सफरअलीने डबा उचलला आणि त्याच्या वजनाने त्याला काय ते कळले. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तोवर डबा माझ्या घशात गेलेला होता.

तोफ भरताना पाहून जगातली कुठलीही माणसे उलट पळतील. या बायका सरळ माझ्याकडे पळत आल्या. मी अवाक झाले. त्यांनी माझी चाके धरली, माझ्या गळ्यात हात टाकले, एक म्हातारी तर माझ्या तोंडालाच मिठी मारून उभी राहिली. गुलंदाम माझ्या पाठीवर चढून बसली आणि ओरडली, "बस्त! आम्ही बस्त धरलाय. आता लावा बघू हात."

"तोफ माझा," कप्तान म्हणाला. "बाया बाजू."

आमच्या पलटणीत एक इराणी नायब होते. ते कप्तानाला हळू आवाजात समजावू लागले. "साहेब, ही फार जुनी रीत आहे. तोफेला धरलेल्या माणसाला आमचे लोक हात लावणार नाहीत."

कप्तानाने कोसॅकांकडे पाहिले. सगळे आपापल्या बुटांकडे पाहत होते. मग त्याने स्वतःच जळती वात उचलली, चाकाशी बसलेल्या बायकांतून वाट काढली आणि माझ्या कानाकडे यायला लागला. ती म्हातारी अजून माझ्या तोंडाशीच होती. तिला वाटत होते की आपण जगातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी उभ्या आहोत.

प्रत्येक तोफेच्या पेटीत एक खिळा असतो. तोफ शत्रूच्या हाती पडायची वेळ आली तर कानात ठोकायला. सफरअलीने तो काढला. गुलंदामला त्याने कोपराने बाजूला सारले, "बीबी, माफ कर," म्हणाला, आणि हातोड्याचे घाव घातले.

मी आयुष्यभर बार काढले, प्रत्येक बाराला मागे फेकली गेले, पण असा धक्का मला कधी बसला नव्हता. माझा सफरअली, आणि माझ्याच कानात? ती म्हातारी अजून उभी आहे, श्वास घेते आहे, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"पकडा त्याला," कप्तान म्हणाला.

सफरअलीने हातोडा टाकला आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवले. म्हणजे आता त्यानेही बस्त धरला. कुणी पुढे झाले नाही. नायबांनी पुन्हा तीच रीत सांगितली. कप्तानाने विचार केला आणि बोट माझ्या कानाकडे केले.

"कान बंद. तोफ मेला. मेला तोफ, बस्त नाही."

मुद्दा बिनतोड वाटत होता. मग गुलंदाम म्हणाली, "का? माझा नवरा किती वर्षं झाली बोलत नाही. म्हणून तो नवरा नाही का?"

अख्खे मैदान हसले. नायबही हसले, आणि नौरोज तर घोड्यावरून पडायचा राहिला. माझ्या अंगावरचे हात न उचलता सफरअलीही हसत होता. मला वाटले, संपले, वाचलो. हसलेल्या माणसांकडून वाईट काम होत नाही, असा माझा समज होता.

कप्तानाने मात्र शांतपणे नायबांना विचारले, "हात तोफेवर, तोपर्यंत?"

"हो साहेब, हात तोफेवर आहे तोपर्यंत," नायब खरे ते बोलून गेले.

"बरं. तोफ घरी," कप्तान म्हणाला.

तोफ परत चालली. बायकांनी आनंदाने गलका केला. त्या आपणहून बाजूला झाल्या, त्यांनी रस्ता मोकळा करून दिला. गुलंदामने तर माझ्या चाकाला खांदा लावला. "ने रे तुझ्या बीबीला घरी," ती जावयाला म्हणाली, "आणि रात्री जेवायला ये. जेवण नाही, पण ये." नौरोजने घोडे जुंपले. सफरअली एक हात माझ्यावर ठेवून माझ्या बाजूने चालू लागला.

पहिला हुकूम चालायचा होता. आम्ही चाललो. दुसरा होता दुडक्या चालीचा. घोडे दुडकू लागले, सफरअली माझ्या बाजूने पळू लागला. त्याने वर चढायला पाहिले, तर कप्तानाचा घोडा त्याला घासून धावत होता, पाय उचलायला जागा नव्हती. तेव्हा मला उलगडा झाला आणि मी सुन्न झाले. मला तिसरा शब्द ठाऊक होता. तो येऊ नये म्हणून मी काय करू शकत होते? माझे तोंड बंद होते, आणि चाके मोकळी होती.

तिसरा शब्द आला. भरधाव. नौरोजने मान वळवून मागे पाहिले. त्याला थांबायचे होते, हे मी त्याच्या डोळ्यांत पाहिले. पण वर्षानुवर्षे घोटून घेतलेल्या टाचा त्याला न विचारता घोड्याच्या कुशीत बसल्या. सफरअली पळाला. असा पळाला की त्याची टोपी उडाली, झगा फाटला. त्याचा तळवा घसरत माझ्या गळ्याशी आला, मग नुसती बोटे राहिली, मग बोटांची टोके. मग काही नाही.

तो रस्त्यावर पालथा पडला आणि त्याला उचलायला कप्तानाला कुठलीच रीत आडवी आली नाही. मित्रांनो, आसरा माणसापासून पळून गेला होता. तो आसरा मी होते.

त्याच्या तळपायांवर फटके मारले, मग त्याला दक्षिणेकडच्या उन्हातल्या एका चौकीवर चालवत पाठवले. तो वाटेतच गेला. त्यानंतर लवकरच गर्दीच्या भीतीने कोठारे उघडली आणि शहराला पांढरा नान मिळाला. नौरोज पुढे कधी कुणाशी धड बोलला नाही. हुकमाचा शब्द ऐकला की तो आपल्या पायांकडे पाहत राही.

गुलंदाम एकदा बराकीच्या आवारात आली. पहारेकऱ्याने अडवले नाही. तिने पायातली चप्पल काढून मला मारली आणि मग माझ्याच चाकाला टेकून बसली. "पोरा, कान कशाला बंद केलास?" ती म्हणाली. "चाकं काढायची होतीस रे."

पुढे ती पलटण मोठी झाली, मग तिचे नाव बदलले, मग शहाही राहिले नाहीत. ते झगे कसरीने खाल्ले. खिळा काढायची तसदी कुणी घेतली नाही आणि मला इथे बागेत आणून ठेवले.

तुमचे गुरुजी तुम्हाला सांगतात, जुन्या वस्तू जपा, तोफेवर नावे कोरू नका. खुशाल कोरा. माझे मागणे वेगळे आहे. सफरअलीने मला शेवटच्या बोटापर्यंत धरून ठेवले होते. लोक म्हणतात, त्याचा हात सुटला. सुटला खरा, पण धरणारा तो एकटाच होता. मी त्याला धरलेच नव्हते, कारण मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.