पाठीवरचा मुखरू

भाताच्या पऱ्ह्यांची पेंडी घ्यायला कमळाने मान वर केली, तर पुढ्यात मुखरूचा चेहरा होता. गावातला सुनिल बांधीतल्या चिखलात वाकून पेंड्या टाकत होता आणि त्याच्या पाठीवर ताणल्या गेलेल्या टी-शर्टावरून तिचा नवरा तिच्याकडे रागाने बघत होता. एका डोळ्यावर चिखल उडाला होता. तिने नजर खाली केली आणि ती पुन्हा रोवू लागली. सोबतच्या बायांपैकी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. दोन वर्षांत गावाला त्या टी-शर्टाची सवय होऊन गेली होती.

मुखरू गेला तो मोहाच्या दिवसांत. पहाटे फुलं वेचायला गेला आणि दुपारी माणसांनी त्याला बाजेवर घालून आणला. आरमोरीकडच्या गावांतून वाघाच्या बातम्या येतच होत्या, पण या गावातला तो पहिला बळी. प्रणित गावातलाच, वडशाला कॉलेज केलेला, बोलण्यात पुढे. त्याने लोक गोळा केले. मोर्च्यासाठी दोनशे पांढरे टी-शर्ट छापायचं ठरलं. समोर ‘वाघ तुमचा, माणूस आमचा’ आणि पाठीवर मुखरू.

तिसऱ्या दिवशी प्रणित फोटो मागायला आला. घरात आधार कार्ड सोडलं तर एकच फोटो होता, नणंदेच्या लग्नातला. मुखरू पंगतीत बुंदी वाढतो आहे आणि कोणाच्या तरी बोलण्यावर तोंडभर हसतो आहे. त्याचा समोरचा दात अर्धा तुटलेला, म्हणून फोटोसाठी तो कधी ओठ उघडत नसे. त्या दिवशी विसरला असावा. कमळाने फोटो फ्रेममधून काढून दिला.

टी-शर्ट आले तेव्हा हा कोण, असं तिला क्षणभर वाटलं. कॉम्प्युटरवाल्याने बुंदीचं ताट कापून टाकलं होतं, ओठ मिटवले होते, भुवया जाड केल्या होत्या. हसता फोटो मोर्च्याले चालत नाई, असं प्रणितने समजावून सांगितलं. मूळ फोटो छपाईच्या दुकानातच राहिला. तो आणायला कमळा दोनदा वडशाला गेली. तिसऱ्यांदा गेली, तर तिथे चपलांचं दुकान लागलेलं होतं.

मोर्चा मात्र मोठा झाला. ती पुढे बसली होती. दोनशे पाठींवर मुखरू होता आणि आयुष्यभर कोणाशी वर मान करून न बोललेल्या त्या माणसासाठी लोक ओरडत होते. त्या दिवशी तिला अभिमान वाटला होता. पुढे सरकारी मदत आली, जंगलाच्या बाजूने जाळी लागली आणि टी-शर्ट ज्याच्या त्याच्या घरी राहिले. कापड जाड होतं. लोक ते घालून शेतात जात, तेंदूपानं तोडायला जात, बाजार करत. अपमान करावा असं कोणाच्याच मनात नव्हतं. एकदा हातपंपावर एक जण तसल्याच फडक्याने मोटरसायकल पुसताना दिसला, तेव्हाही ती काही बोलली नाही. वाटलेला कपडा, लोक वापरणारच.

तिला दुसरंच काही खात होतं. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिने मुलीला, पुनमला, विचारलं, “तुया बाप हसे तवा कसा दिसे वो?”

पुनमने चुलीतलं लाकूड आत सारलं.

“मायाही डोळ्यापुढं टी-शर्टावरचाच येते, आई.”

रोवणी संपत आली त्या आठवड्यात पलीकडच्या गावची शकुबाई सात्या आणायला जंगलात गेली. पावसाळ्यात उगवणाऱ्या या अळंब्यांची भाजी तिच्या नवऱ्याला, झाडूला, आवडायची. ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी प्रणित कमळाकडे आला. पुन्हा मोर्चा काढायचा होता. तिने पुढे बसावं, आणि आधी झाडूच्या घरी सोबत यावं, असं त्याचं म्हणणं होतं. ती गेली.

झाडू ओसरीत बसला होता. पन्नाशीचा, अंगाने वाळका. फोटोचं त्याला आधीच कोणीतरी सांगून ठेवलं होतं. प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला फोटो त्याने हातात तयारच धरला होता. जत्रेतला फोटो. शकुबाई हातातल्या नव्या बांगड्या दाखवत उभी. प्रणितने हात पुढे केला.

“देऊ नोका, भाऊ,” कमळा म्हणाली.

झाडूने तिच्याकडे पाहिलं.

“काकू, फोटो नसन तर लोकायले दिसन काय?” प्रणितने विचारलं.

“नाव लिवा तिचं.”

“नावानं कोणाले काई वाटत नाई.”

“नाई वाटलं तर नाई वाटलं. मायाजवळ आता त्याचा चेहरा नाई, प्रणित. तू नेला.”

प्रणितचा चेहरा उतरला. आपण वाईट मनाने केलं नव्हतं, असं तो हळूच म्हणाला. ते मले मालूम आहे, असं तिने सांगितलं, आणि ते खरंच होतं. झाडूने फोटो पन्नीत परत गुंडाळला.

मोर्च्याच्या दिवशी टी-शर्टांवर पाठीमागे नुसती काळी अक्षरं होती, ‘शकुबाई’. माणसं कमी आली. बातमीवाला आला, कोणाचा फोटो घ्यावा ते त्याला कळेना, दोन-चार काढून तो लवकर निघून गेला. प्रणित घसा बसेपर्यंत घोषणा देत राहिला. दुपारी कचेरीतून साहेब बाहेर आले, निवेदन घेतलं, बघतो म्हणाले.

पाऊस सुरू झाला तसे लोक ताडपत्रीखाली सरकले. कमळा आणि झाडू पुढेच बसले होते. झाडूने विचारलं,

“मुखरूभाऊचं काईच नाई का आठवत तुमाले?”



“हात आठवते. वाढतानी ताटाखाली दुसरा हात धरे. सांडू नाई म्हणून.”

झाडूने मान हलवली. मग त्याने सदऱ्याच्या खिशातून फोटो काढला आणि दोन्ही तळव्यांच्या आडोशाने पाहिला. कमळाने तिकडे मान वळवली नाही. त्यानेही तिला दाखवला नाही. पाहून झाल्यावर तो खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं आणि पाऊस थांबेपर्यंत त्यावर हात धरून तो बसून राहिला.