होरेसचं पिंप

क्लाइव्ह हॅडलेने लाकडी हातोड्याचा एकच घाव घातला आणि तोटी पिंपात घट्ट बसली. एक थेंबही बाहेर उडाला नाही. मागून कुणीतरी "शाब्बास!" म्हणाले.

होरेसच्या दफनाहून परतलेली मंडळी बेलोज पबच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने उभी होती. काळे कोट अजून अंगावरच होते, बुटांना दफनभूमीतला चिखल होता. टेबलावर हॅमचे पाव आणि पोर्कचे पॅटिस मांडलेले होते, पण त्यांना कुणी हात लावला नव्हता. पहिला ग्लास होरेसच्या नावाने भरायचा आणि तो त्याच्या बायकोने, बेरिलने घ्यायचा, असे ठरले होते.

क्लाइव्हने ग्लास तिरका धरून तोटी फिरवली. होरेसला माइल्ड बिअर आवडायची. एरवी काळसर दिसणारी, उजेडात धरली की माणकासारखी लाल, आरपार. आत्ता ग्लासात उतरत होते ते कालव्याच्या पाण्यासारखे गढूळ होते. पुढची तरी नितळ येईल म्हणून तो भरत राहिला. ग्लास काठोकाठ भरला, फेस ओघळून त्याच्या बोटांवर आला, तरी रंग बदलला नाही.

खोलीतला जो तो ग्लासाकडे पाहू लागला. इथल्या बहुतेकांचा जन्म असली बिअर पिण्यात गेला होता. पिंपातली बिअर जिवंत असते, तिचा गाळ तळाशी असतो, आणि पिंप हलले की ते दोन दिवस तरी गप्प पडू द्यावे लागते, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

होरेस पार्जेटरने सगळी उमर हॅडलेंच्या छोट्याशा ब्रुअरीतली बिअरची पिंपे पबोपबी पोचवली होती. आधी क्लाइव्हच्या वडिलांची, मग क्लाइव्हची. शेवटी इस्पितळात त्याने क्लाइव्हचा हात धरला होता. "माझ्या दिवशी आपली माइल्ड पाज सगळ्यांना. बाटलीतली नको हं." क्लाइव्हने शब्द दिला. एक पिंप बाजूला काढून त्यावर खडूने होरेसचे नावही लिहिले. मग शहरातल्या एका मोठ्या हॉटेलातून लग्नसमारंभासाठी बिअरची मागणी आली. हॉटेलवाल्यांनी पुढेही माल घ्यावा म्हणून क्लाइव्ह आठवडाभर तिकडेच राबला. होरेसचे पिंप थंड खोलीत पडून राहिले. ते आठवले आज सकाळी, आरशासमोर काळा टाय बांधताना.

"कधी आणलंस रे हे, क्लाइव्ह?"

विचारणारा इनॉक होता, होरेसचा थोरला भाऊ. आवाज अगदी मऊ होता.

"परवा," क्लाइव्ह म्हणाला. "परवा संध्याकाळीच आणून इथं लावलं."

काउंटरमागे ग्लास पुसणाऱ्या सिल्व्हियाचा हात थांबला. पब तिचा होता. आज सकाळी याच पिंपाची एक बाजू तिने स्वतः धरली होती, आणि "अरे, आज आणतात होय?" असे म्हणून कपाळाला हातही लावला होता.

"मग सिल्व्हिया," कोपऱ्यातून पोस्टमन रेज ओरडला, "दोन दिवस काय फुटबॉल खेळलीस काय याच्याशी?"

लोक हसले. हसायला काहीतरी मिळाले म्हणून जरा जास्तच हसले. सिल्व्हियाने क्लाइव्हकडे पाहिले. त्याने नजर तोटीवरून हलवली नाही.

"सकाळी खुर्च्या लावताना धक्का बसला माझा," ती म्हणाली. "चुकलंच."

"एवढी वर्षं पब चालवतेस, आणि आजच्याच दिवशी धांदरटपणा!" रेज म्हणाला.

"झाला खरा."

बेरिलने ग्लास उचलला आणि न थांबता अर्ध्यावर आणला. ओठांवरचा फेस रुमालाने टिपून ती म्हणाली, "घ्या सगळ्यांनी. त्याला ताटकळत ठेवलेलं आवडायचं नाही." मग सगळ्यांनीच घेतली. कुणीही तोंड वाकडे केले नाही. क्लाइव्ह ग्लासामागून ग्लास भरत राहिला. जो तो "थँक्यू, क्लाइव्ह" म्हणून घेऊन जात होता.

रांग संपल्यावर तो मागच्या अंगणात आला. बेरिल बाकावर बसली होती. तिने नवे बूट काढून शेजारी ठेवले होते आणि ती पायाची बोटे चोळत होती.

"बेरिलकाकू," तो म्हणाला, "ते पिंप आहे ना—"

"तुझी दोरी सैल झाली होती."

त्याला कळले नाही.

"घरून निघालो ते तुझ्या मागंच होतो आम्ही. पुढं होरेसची पेटी ठेवलेली गाडी, मागं आमची. चढावर त्याच्या गाडीच्या काचांतून तुझी उघडी गाडी दिसत होती. पिंप इकडून तिकडं लोळत होतं. मी म्हटलं, इनॉक, होरेस या पेटीत नाहीच मुळी, तो बघ पुढं बसलाय." तिचे ओठ क्षणभर हलले. "हसून हसून डोळ्यांत पाणी आलं रे आमच्या. त्या गाडीत. आजच्या दिवशी."

"इनॉक होता तुमच्याबरोबर?"

"माझ्या शेजारी."

इनॉकचा तो मऊ आवाज क्लाइव्हला आता नीट ऐकू आला.

"खरं सांगितलं असतंस तर सगळे हसले असते," बेरिल म्हणाली. "तुला दोन शिव्या बसल्या असत्या, आणि काय!" तिने बूट ओढून पायात घातले. "तू आलास, बरं केलंस. पण मला सांगून काय उपयोग? आत जा."

आत रेज अजून सिल्व्हियाला चिडवत होता. तीही त्याच्याबरोबर हसत होती. क्लाइव्ह पिंपापाशी जाऊन उभा राहिला.

"पिंप मी आज सकाळी आणलं," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला, म्हणून त्याने पुन्हा सांगितले. "आज सकाळी. विसरलो होतो मी. सिल्व्हियाचा काही धक्काबिक्का लागलेला नाही."

रेजचे वाक्य अर्धेच राहिले. कुणीच हसले नाही. हातातला पाव खाली ठेवून कुणी दुसरीकडे पाहू लागले, कुणी आपल्या ग्लासात. सिल्व्हियाने फडका खांद्यावर टाकला आणि ती काउंटरच्या दुसऱ्या टोकाला कुणाला काय हवे ते विचारायला गेली.

इनॉक जवळ आला. त्याने आपला रिकामा ग्लास पुढे केला.

"भर," तो म्हणाला.

क्लाइव्हने तोटी फिरवली. ग्लास भरेपर्यंत इनॉक त्याच्या हाताकडेच पाहत होता.