सहीची जागा

"बाबा, चार ओळी तरी द्या हो! दुपारपर्यंत पेपरच्या ऑफिसात पोचवायच्यात," लेक म्हणाली.

मसुदाकाकांनी सातवा कागद चुरगाळला. बायको जाऊन आठवडा झाला होता आणि तिच्या फोटोखाली छापायला या माणसाला शब्द सुचत नव्हते. आता काय म्हणावं! तीस वर्षं कंपनीत साहेबांची भाषणं यांनीच लिहिली. साहेबांनी सासूबाईंना पाठवलेलं माफीपत्रसुद्धा यांचंच. टाळ्या साहेबांना, काकांना फक्त, "उद्या अजून एक हवंय हं." त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. पण आज स्वतःचं म्हणून लिहायला बसले, तर हात चालेना. तिच्यासाठीच शब्द नसावेत याची त्यांना लाज वाटत होती.

तेवढ्यात कंपनीचा शिपाई साहेबांचं पत्र देऊन गेला. लेकीने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि तिचे डोळे भरून आले.

"साहेब किती मनापासून लिहितात हो! ऐका, 'रडू आलं तर रडा, पण वेळेवर जेवा.'"

काकांनी पत्र हातात घेतलं. अरेच्चा, हा तर त्यांचाच मसुदा! कंपनीत कुणाच्या घरी कुणी गेलं की हेच सांत्वनपत्र जायचं. नव्या टायपिस्टने फाइलीतून काढून नाव तेवढं बदललं होतं. बिचारीला काय माहीत, ज्याचं पत्र त्यालाच चाललंय ते!

"अगं, हे मीच लिहिलंय," काका हसले. मग एकदम थांबले. "पण हे वाक्य माझं नाही. तुझ्या आईचं आहे."

कंपनीतला एक कामगार गेला, तेव्हा त्याच्या बायकोसाठी हे पत्र पहिल्यांदा लिहिताना त्यांनी 'अपरिमित हानी' असं काहीतरी भारदस्त लिहिलं होतं. लेकीची आई शेजारी भाजी निवडत होती. "अहो, माणूस गेलाय तिचा. हानी-बिनी काय करायचीय तिला? लिहा, रडू आलं तर रडा, पण वेळेवर जेवा." त्यांनी मुकाट्याने लिहिलं. बावीस वर्षं ते वाक्य साहेबांच्या सहीने घरोघरी गेलं. साहेबांनी कधी काकांचं नाव घेतलं नाही, आणि काकांनी तिचं.

त्यांनी आठवा कागद ओढला. वाक्य लिहिलं. सवयीने सहीची जागा कोरी सोडली, मग तिथे तिचं पूर्ण नाव लिहिलं. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांना रडू फुटलं.

लेक कागद घेऊन दारापर्यंत गेली, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "नाव ठळक छापायला सांग गं."