केळीच्या काट्यावरचं विमान

आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केलेल्या माणसानं निवृत्तीनंतर गप्प घरी बसावं, पेपर वाचावा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडावं. सदानंद कोरगावकरनं यातलं काही केलं नाही. सांताक्रूझच्या हँगरमधून तो बाहेर पडला आणि नंदाखालला आलोशियसच्या वाडीत, नारळी-केळींच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये, स्वतःचं विमान बांधायला बसला. लहानसं, दोन सीटांचं, एकीमागे एक. आलोशियस हँगरमध्ये त्याच्याबरोबर स्टोअर सांभाळायचा. लवकर सुटून त्यानं वडिलांची वाडी धरली होती आणि आता आसपासच्या वाड्यांतली केळी वजन करून टेम्पोनं मुंबईला धाडायचा.

विरारला मनवेलपाड्याच्या बिल्डिंगमध्ये लोक सदानंदला वेडाच समजत. त्याची बायको वसुंधरा तर विमानाला सरळ ‘सवत’ म्हणायची. पण डबा भरून द्यायची, आणि शनिवारी स्वतःही स्कूटरवर मागे बसून वाडीत यायची, पंखांच्या कापडाला सुतळीचे टाके घालायला मदत करायची. कारण तिला एक शब्द दिलेला होता. कंपनीचे फुकट पास वर्षानुवर्षं वाया गेले, तरी वसुंधरा कधी विमानात बसली नव्हती. सदानंद म्हणायचा, “पहिल्यांदा बसशील ती माझ्याच विमानात. मागची सीट तुझी.” बायका अशा शब्दांवर किती वर्षं थांबतात, हे नवऱ्यांना कळत नाही.

मग मेलबर्नला त्यांच्या मुलाला, संकेतला, मुलगी झाली. नाव ठेवलं क्षितिजा. सून अश्लेषाला नोकरीवर परत जायचं होतं, घरात तिसरं माणूस नाही. वसुंधरानं सहा महिन्यांसाठी जायचं ठरलं. विमान काही तोवर होण्यासारखं नव्हतं. पंखांना कापड चढलं होतं, पण शेपूट उघडीच होती आणि उडवायच्या परवानगीचं घोडं दिल्लीत कुठेतरी चरत होतं.

जायच्या आदल्या दिवशी ती बॅगा घेऊन वाडीत आली, आलोशियसच्या केळीच्या काट्यावर वजन करायला. मोठी बॅग एअरलाइनच्या मर्यादेत बरोबर बसली. मग आलोशियसची बायको हेलन म्हणाली, “वैनी, आता तुम्ही पन चढा.” वसुंधरा हसत हसत, पदर सावरत काट्यावर उभी राहिली. आलोशियसनं दांडीवरचं वजन सरकवलं आणि हाळी दिली, “बावन्न!” सदानंदनं तो आकडा मनात पक्का लिहून ठेवला. मागच्या सीटचं वजन. त्याचं सगळं प्रेम असं आकड्यांच्या पोटात असायचं, आणि तिथून ते बाहेर काढायची त्याला सवय नव्हती.

विमानतळावर बॅग चार किलोनं जास्त भरली. वसुंधरानं तिथेच फरशीवर बॅग उघडली, बिडाचा तवा काढला, मेतकुटाचा डबा काढला, कोकमं काढली आणि सगळं त्याच्या हातात दिलं. “यांचे काटे असेच,” सदानंद एअरलाइनवर चिडून म्हणाला. काचेपलीकडे जाताना तिनं एकदाच मागे पाहिलं. तीस वर्षं जिच्या नवऱ्यानं विमानं उडण्याजोगी केली ती बाई पहिल्यांदा विमानात बसली, तीही एकटी. आणि नवरा तवा घेऊन विरारला परत आला.

सहा महिन्यांचे नऊ झाले, नवाचं वर्ष. संकेतनं मुदत वाढवून घेतली. दर रविवारी सकाळी फोन यायचा. क्षितिजा रांगते, क्षितिजा उभी राहते. “तू कशी आहेस?” या प्रश्नाला वसुंधराचं एकच उत्तर, “मी मजेत.” “तुम्ही?” “मीही मजेत.” दोघंही पक्के खोटारडे. इकडे सदानंद मेतकूट-भात खायचा, मेतकूट संपलं तेव्हा नुसता भात खायला लागला, आणि तव्याला गंज चढू नये म्हणून दर आठवड्याला तेल लावून ठेवायचा. त्या तव्यावर एकदाही भाकरी झाली नाही.

एका रविवारी तिनं विचारलं, “अहो, संकेत म्हणतोय आणखी एक वर्ष राहा. काय करू? राहू की येऊ?”

‘ये’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण सदानंदचं नाक मध्ये आलं. विचारते म्हणजे राहायचंच असणार, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. म्हणाला, “तुझं तू ठरव.”

“बरं,” वसुंधरा म्हणाली. तो फोन नेहमीपेक्षा लवकर संपला.

आणि नेमकं तेव्हाच विमानाचं काम ट्रिमपाशी आलं होतं.

ट्रिम म्हणजे काय, ते सांगायला हवं. विमानाच्या शेपटीला बिजागरीवर वरखाली होणारी एक आडवी फळी असते. तिला म्हणतात एलेव्हेटर. ती वर वळली की नाक वर, खाली वळली की नाक खाली. वैमानिकाच्या हातातली स्टिक तिला जोडलेली असते. पण पुढचं वजन जास्त झालं की नाक आपलं खाली जाऊ बघतं, आणि माणसाला स्टिक सतत ओढून धरावी लागते. पाच मिनिटं ठीक आहे, तासाभरात खांदा निकामी होतो. म्हणून एलेव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी लावतात आणि ती वळवायला मांडीशेजारी एक खटका देतात. तराजूला पासंग लावावा तसंच हे. ट्रिम बरोबर बसली की स्टिकवरचा हात काढून घेतला तरी विमान सरळ चालत राहतं.

सदानंदच्या विमानात मागच्या सीटवर माणूस असला की तोल बरोबर. माणूस नसला की नाक जड. दोघांसाठी तळहाताएवढी पट्टी पुरत होती आणि तशी ती त्यानं कधीच बनवून ठेवली होती. एकट्यासाठी मोठी लागणार होती. आता कोणती लावायची, इथे घोडं अडलं. म्हणजे प्रश्न पट्टीचा नव्हताच. वसुंधरा परत येऊन त्या सीटवर बसणार की नाही, हा होता.

पुढच्या रविवारी त्यानं ताकाला जाऊन भांडं लपवलं. “वसू, विमानासाठी हवंय म्हणून विचारतो. तुझं वजन किती आहे आता?”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी. “इथे बाथरूममध्येच काटा आहे. थांबा.” थोड्या वेळानं परत आली. “बावन्न.”

बावन्न. वर्षभर नवऱ्यापासून सात समुद्र दूर, आणि एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. सदानंदच्या पँटला आताशा पट्ट्याचं नवं भोक पाडावं लागत होतं. त्याला फार लागलं. म्हणजे ती खरंच मजेत होती. तो इथे कुढत होता आणि तिच्या अंगावर त्याचा ओरखडासुद्धा नव्हता. “छान,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं मोठी पट्टी बनवायला घेतली. एकट्याची. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, कडा दुमडल्या, लांब बिजागरीनं एलेव्हेटरला जोडला, शेपटीतून खटक्यापर्यंत तार ओढली. या पट्टीत जरासुद्धा खुळखुळ चालत नाही. वाऱ्यात ती थरथरायला लागली तर आख्खी शेपूट फाडून नेते. सदानंद दोन बोटांनी पट्टी हलवून बघायचा, कान लावायचा, पुन्हा तार ताणायचा. खटका पुढे केला की पट्टी वर, मागे ओढला की खाली. हे उलटं जोडून मेलेली माणसं त्याला माहीत होती, म्हणून प्रत्येक वेळी तो उठून शेपटीपाशी जाऊन बघायचा. एकानं खटका हलवायचा आणि दुसऱ्यानं मागे उभं राहून सांगायचं, असं हे काम असतं. पूर्वी मागे वसुंधरा उभी राहायची आणि ‘वर!’ ‘खाली!’ ओरडायची. आता तोच खटका हलवायचा, तोच उतरून मागे जायचा, तोच पुन्हा येऊन बसायचा.

खटक्याच्या पाटीवर त्यानं लाल रंगानं एकच खूण केली आणि शेजारी लिहिलं, ‘एकटा’. रंग वाळेपर्यंत तो समोर बसून राहिला. फार वाईट दिसत होतं ते.

मग विमान तोलायचा दिवस आला. तिन्ही चाकं एकेक करून आलोशियसच्या काट्यावर चढवायची, आकडे घ्यायचे आणि तोल नेमका कुठे येतो ते काढायचं. हँगरची शिस्त अशी की, आधी काटा तपासायचा. सदानंदनं शेडमधली सिमेंटची न फोडलेली गोण काट्यावर टाकायला लावली. पन्नास किलोची.

आलोशियसनं वजन सरकवलं. “शेहेचाळीस!”

“पन्नासची गोण आहे, आलोशियस.”

“हो ना. पन्नासच दाखवतोय.”

“मग शेहेचाळीस का ओरडलास?”

आलोशियस क्षणभर गोंधळला. मग स्वतःच हसायला लागला. “दांडा वजा केला, सदाभाऊ. सवय. केळीच्या घडांचं वजन करतो तेव्हा मधल्या दांड्यांचे चार किलो कापूनच बोलतो. तोंडच तसं झालंय. वीस वर्षं हेच करतोय.”

“प्रत्येक वेळी कापतोस?”

“काट्यावर काय पन येऊ दे. हेलन ओरडते ना, रविवारची सुकी मच्छी तोलली तरी चार कमी सांगतो.”

सदानंद हसला नाही. तो सिमेंटच्या गोणीकडे बघत उभा राहिला. त्याला विमानतळावरची फरशी दिसली, उघडी बॅग, आणि चार किलो जास्त. तवा, मेतकूट, कोकमं. एअरलाइनचा काटा बरोबर होता. आणि बॅगेचं वजन चुकलं म्हणजे वसुंधराचंही चुकलं. ती बावन्न नव्हतीच. जाताना ती छप्पन्न होती.

आणि आता बावन्न.

“काय झालं, सदाभाऊ?” आलोशियसनं विचारलं.

“काही नाही. आज नको तोलूया.” अंगावर ओरखडा नाही म्हणून तो ज्या बाईवर रुसला होता, ती तिकडे झिजत होती आणि दर रविवारी ‘मी मजेत’ म्हणत होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजेच्या खालून थोडा आनंदही झाला. त्या आनंदाची त्याला आणखी लाज वाटली.

त्या वेळी रविवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता. नाक्यावरच्या आयएसडी फोनच्या बूथवरून त्यानं स्वतःच फोन लावला. वसुंधरा घाबरली. “अहो, बरे आहात ना?”

“वसू, तू चार किलो उतरलीयेस.” आणि त्यानं दांड्याची सगळी हकीगत सांगितली. मग आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाला, “मला इथे करमत नाही.”

तिकडे मागे क्षितिजाचं काहीतरी बडबडणं चाललं होतं.

“मलाही नाही,” वसुंधरा म्हणाली. “दिवसा दोघं कामावर जातात आणि दुपारी पोरगी झोपते. मग मी खिडकीशी बसते. घशाखाली घास उतरत नाही.” नाक ओढलं तिनं. “आणि तुमचं? तुमचं वजन किती?”

“केलं नाही. विमानात मी सत्तर धरलंय. हँगरमध्ये शेवटचं केलेलं.”

“म्हणजे जगाचं तोललंत आणि स्वतःचं नाही. जा, करा. आणि खरं सांगायचं.” आता तिच्या आवाजात जरा जीव आला होता. “आपण दोघंही हट्टी आहोत. कोणी कोणाकडे जायचं, ते काट्यावर ठरवू. ज्याचं जास्त उतरलं, त्यानं निघायचं.”

सदानंद वाडीत परत आला, चपला काढल्या आणि काट्यावर चढला. आलोशियसनं वजन सरकवलं, डोळे बारीक करून पाहिलं. या वेळी तो हळू बोलला. “एकसष्ट. दांडा न कापता.”

नऊ किलो.

सदानंदनं फोनवर काय ठरलं ते सांगितल्यावर आलोशियस म्हणाला, “मग सदुसष्ट सांगा. तिला तिथून काय दिसतंय? येईल वैनी. विमान तयार आहे, सीट तयार आहे. तुमचा शब्द पन राहील.”

खरं होतं. एका आकड्याचा प्रश्न होता. सदुसष्ट म्हटलं की वसुंधरा येणार, मागच्या सीटवर बसणार, आणि सगळं त्यानं मनात आखलं होतं तसं होणार. गेला तर विमान इथेच पडून राहणार, आणि त्याचं वय झालेलं, कापड किती दिवस टिकेल, परवानगी येईल की नाही, कोणी सांगावं. सदानंद केळीच्या रिकाम्या टोपल्यांजवळ बसून राहिला. तीस वर्षांत त्यानं खोट्या मापावर सही केली नव्हती. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. दिलेला शब्द धरून बसायला लावून त्यानं वसुंधराला अख्खं आयुष्य थांबवलं होतं. आता पुन्हा एकदा तिलाच निघायला लावायचं?

तो बूथवर गेला. “एकसष्ट,” तो म्हणाला. “नऊ उतरलं.”

वसुंधरा रडायला लागली. मग म्हणाली, “या मग. आणि येताना तवा आणा.”

जायच्या आदल्या दिवशी तो शेडमध्ये गेला. विमानावर ताडपत्री ओढायच्या आधी पुढच्या सीटवर चढून बसला. मोठी पट्टी काढून टाकायची गरज नव्हती. दोघांसाठी खटका थोडा पुढे आणायचा, एवढंच. ती जागा त्यानं अंदाजानं नाही, पुन्हा मोजून काढली, तिचे बावन्न आणि स्वतःचे एकसष्ट धरून. तिथे लाल रंगानं दुसरी खूण केली, शेजारी ‘दोघं’ लिहिलं आणि खटका त्या खुणेवर आणून ठेवला.

मग सवयीनं उतरून शेपटीपाशी गेला आणि पट्टी बरोबर वळली आहे ना, ते पाहून आला. मागची सीट रिकामीच होती. त्यानं तिचा पट्टा बांधला आणि ताडपत्री ओढली.